वृक्षसंग्रह पाहायला जाताना

महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत एका दिवसात जाऊन येण्यासारख्या ठिकाणांची माहिती येऊ लागते. अलीकडे तीत गावाबाहेरच्या, मोकळ्या रानात वाढवलेल्या वृक्षसंग्रहांचाही उल्लेख असतो, याचा आम्हाला आनंद आहे. मात्र त्या मजकुरात रस्ता कुठला, उघडण्याची वेळ काय, फोटो कुठे चांगले येतात, एवढेच असते. तिथे गेल्यावर झाडे पाहायची कशी, हे कुणी सांगत नाही. मग माणसे शेकडो जातींच्या झाडांमधून तासाभरात चालून बाहेर पडतात आणि ‘छान हिरवेगार आहे’ म्हणतात. एवढे कुठल्याही बागेबद्दल म्हणता येते. वृक्षसंग्रहात झाडाइतकीच त्याची नोंद मोलाची असते: ते कुठून आले, कोणत्या साली आले, बी कोणत्या रानातल्या झाडाचे. ही नोंद वाचत झाडे पाहावीत, असा आमचा आग्रह आहे. त्यासाठी लागणारी माहिती आपल्या वाचकांना मिळावी म्हणून हे पत्र.

सुरुवात झाडावरच्या पट्टीपासून करावी. चांगल्या संग्रहात दोन खुणा असतात. एक, पाहुण्यांसाठी जमिनीत रोवलेली किंवा खोडावर लावलेली मोठी पाटी. तिच्यावर प्रचलित नाव, शास्त्रीय नाव, कुळ आणि मूळ प्रदेश. दुसरी, फांदीला किंवा खोडाला अडकवलेली बोटभर लांबीची धातूची पट्टी, जिच्यावर ठोकून उमटवलेला क्रमांक असतो. बहुतेक लोक पहिली वाचतात आणि दुसरीकडे पाहतही नाहीत. खरी किल्ली दुसरी आहे. त्या क्रमांकात साधारणपणे झाड, रोप किंवा बी संग्रहात दाखल झाल्याचे साल आणि त्या सालातला अनुक्रमांक असतो. एकाच पुडीतल्या बियांपासून पाच झाडे वाढली असतील तर पुढे एकेक अक्षर जोडलेले असते. कार्यालयातल्या नोंदवहीत किंवा संगणकावर हा क्रमांक शोधला की त्या झाडाची सगळी कुंडली समोर येते. आपल्या वहीत झाडाचे नाव लिहिताना हा क्रमांकही उतरवून घ्यावा. पुढे काही शंका आली, तर ‘तळ्याजवळचे मोठे झाड’ या वर्णनावरून ते झाड कुणालाच सापडत नाही. क्रमांकावरून लगेच सापडते.

नावापेक्षा क्रमांकाला आम्ही एवढे महत्त्व देतो, कारण नाव बदलते. ऐनाचेच पाहा. जुन्या पुस्तकांत आणि जुन्या पाट्यांवर तो टर्मिनालिया टोमेंटोसा, टर्मिनालिया अलाटा किंवा टर्मिनालिया क्रेन्युलाटा म्हणून सापडतो. आज त्याला टर्मिनालिया इलिप्टिका म्हणतात. बाभूळ अकेशिया होती, ती आता वाचेलिया झाली. पाटीवर जुने नाव दिसले तर लगेच चूक धरू नये, ते लिहून घ्यावे आणि घरी जाऊन पडताळावे. शास्त्रीय नावाच्या शेवटी असलेली अक्षरेही उगाच नसतात, ती नाव देणाऱ्या शास्त्रज्ञाची खूण असते. ‘एल.’ म्हणजे लिनियस, ‘रॉक्सब.’ म्हणजे १७९३ साली कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाची सूत्रे हाती घेणारे विल्यम रॉक्सबर्ग. पळसाच्या नावापुढे ‘लाम.’ ही अक्षरे कंसात आणि ‘टाउब.’ कंसाबाहेर दिसतात. लामार्क यांनी पळसाचे वर्णन केले तेव्हा त्याला पांगाऱ्याच्या एरिथ्रिना या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात) घातले होते. पुढे टाउबर्ट यांनी ते ब्युटिया या प्रजातीत आणले. पहिले वर्णन करणाऱ्याचे नाव अशा वेळी कंसात जाते. पळसाला पाने तीनच, तशी पांगाऱ्यालाही तीनच. दोन्ही झाडे एका फेरीत पाहिली तर लामार्क यांनी असे का केले असावे, हे समजायला वेळ लागत नाही. आणि ती वेगळी का काढली, हेही दिसते: पांगाऱ्याच्या कोवळ्या फांद्यांवर काटे असतात, पळसावर नसतात, पांगाऱ्याच्या शेंगेत अनेक बिया असतात, पळसाच्या चपट्या शेंगेत टोकाला एकच.

आता मूळ स्थानाची नोंद. अनेक संग्रहांत झाडाच्या नोंदीसमोर एक अक्षर असते. डब्ल्यू म्हणजे थेट रानातून आणलेले. झेड म्हणजे लागवडीतल्या झाडापासून मिळवलेले, पण ज्याची वंशावळ रानापर्यंत माहीत आहे असे. जी म्हणजे बागेतून बागेत आलेले. आणि यू म्हणजे माहिती नाही. पाहणाऱ्याला चारही झाडे सारखीच दिसतील. अभ्यासाच्या आणि संवर्धनाच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एखाद्या डोंगरावरचे जंगल तुटले आणि तिथली एखादी जात पुन्हा लावायची वेळ आली, तर त्या डोंगरावरून बी आणल्याची नोंद असलेली झाडेच उपयोगी पडतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात अल्टामाहा नदीकाठी बार्ट्रम या वनस्पतिशास्त्रज्ञ पितापुत्रांना १७६५ साली दिसलेले फ्रँकलिनिया हे झाड १८०३ नंतर रानात कुणालाही खात्रीने सापडलेले नाही. आज जगात जेवढी फ्रँकलिनिया आहेत, ती बार्ट्रम यांनी जमवलेल्या बियांची संतती आहे. मेटासिक्वोया या झाडाची गोष्ट याच्या उलट आहे. १९४१ साली जपानी शास्त्रज्ञ शिगेरू मिकी यांनी त्याचे नामकरण केले ते जीवाश्मांवरून, आणि त्याच दशकात चीनमध्ये ते जिवंत सापडले. १९४८च्या सुरुवातीला त्याचे बी बोस्टनच्या अर्नोल्ड अर्बोरेटम या वृक्षसंग्रहात पोचले आणि तिथून जगभरच्या संग्रहांना वाटले गेले. हा अर्बोरेटम १८७२ सालचा. बी कुठून आले, कुणाला दिले, याची वही तिथे ठेवली गेली, म्हणून आज कुठल्या देशातले कोणते झाड त्या पहिल्या बियांपासून वाढले हे सांगता येते.

प्रत्यक्ष भेटीची आखणी करताना पहिली चूक होते ती सगळे पाहण्याच्या हव्यासातून. अडीच-तीन तासांत बारा ते पंधरा झाडे नीट पाहून होतात, त्यापेक्षा जास्त नाहीत. आधी नकाशा आणि झाडांची यादी मागून घ्यावी. एक प्रजाती किंवा एक कुळ निवडावे आणि संग्रहभर विखुरलेली त्याची झाडे शोधत हिंडावे. यामुळे रस्ते आपोआप ठरतात, आणि एकासारखी एक दिसणारी झाडे पाठोपाठ पाहिल्याने फरक डोळ्यांत भरतात. सोबत शिसपेन्सिल घ्यावी, कारण ओल्या कागदावर शाई फुटते. शिवणकामाची मापपट्टी, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि शक्य असेल तर आठपट दुर्बीण एवढे पुरते. भिंग बहुतेक जण चुकीचे धरतात. ते पानाजवळ नेऊन दुरून पाहायचे नसते. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचे आणि पान हळूहळू भिंगाकडे आणायचे. साधारण अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट दिसू लागते.

नमुना म्हणून टर्मिनालिया प्रजाती घ्यावी, कारण तिच्यातली ऐन, अर्जुन, हिरडा आणि बेहडा ही चारही झाडे अनेक संग्रहांत असतात आणि नावे सगळ्यांच्या तोंडी असतात. खोडापासून सुरुवात करावी. ऐनाची साल काळपट, खोल चिरांची, चौकोनी तुकड्यांत फुटलेली असते, अगदी मगरीच्या पाठीसारखी. अर्जुनाची साल गुळगुळीत, फिकट राखाडी, कुठे गुलाबी छटेची, आणि मोठमोठे पापुद्रे निघून गेल्यामुळे ठिकठिकाणी वेगळ्या रंगाची. एवढ्यावरून मोठी झाडे ओळखता येतात, पण कोवळ्या झाडांवर हा फरक नीट दिसत नाही. तिथे फळ कामाला येते. दोघांच्याही फळाला पाच पंख असतात, म्हणून लोक फसतात. फळ भिंगाखाली धरावे. ऐनाचे पंख रुंद, आणि त्यांवरच्या शिरा मधल्या भागापासून कडेपर्यंत सरळ आडव्या जातात. अर्जुनाचे पंख अरुंद, आणि शिरा वरच्या दिशेला वळलेल्या. हे एकदा पाहिले की पुन्हा विसरता येत नाही. पान हाती आले तर ते उलटे करून मधल्या शिरेच्या तळाशी पाहावे: ऐनाच्या पानाला तिथे एक-दोन बारीक, देठावर बसवल्यासारख्या ग्रंथी असतात. हिरड्याच्या ग्रंथी पानाच्या देठावरच, पाते सुरू होते तिथे, जोडीने दिसतात. हिरड्याच्या आणि बेहड्याच्या फळांना पंख नसतात. वाळलेल्या हिरड्यावर उभ्या कडा स्पष्ट उठतात. बेहड्याचे फळ गोलसर आणि बारीक करड्या लवीने मखमली लागते. बेहड्याची पाने फांदीच्या टोकाशी झुपक्याने येतात, त्यामुळे झाडाखाली उभे राहून वर पाहिले तरी आकाशावर झुपक्यांची वेगळी नक्षी दिसते. चार झाडांना तासभर लागला तरी तो सत्कारणी लागला असे समजावे.

पान ओळखताना सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो साध्या आणि संयुक्त पानात. ज्याला आपण पान समजतो ती अनेकदा पर्णिका, म्हणजे संयुक्त पानाचा एक भाग, असते. नियम सोपा आहे: पानाच्या बगलेत कळी असते, पर्णिकेच्या बगलेत नसते. देठ जिथे फांदीला मिळतो तिथपर्यंत मागे मागे जावे. जिथे कळी सापडेल तिथे पान सुरू होते. सावरीच्या हाताच्या पंज्यासारख्या पाच-सात पात्या मिळून एक पान होते, हे अशाने कळते. वड, उंबर, पायर, नांदरुक ही सगळी एका प्रजातीची झाडे. त्यांच्या फांदीच्या टोकावरची कळी टोपीसारख्या आवरणाने झाकलेली असते आणि ते गळाले की फांदीभोवती कड्यासारखा वण राहतो. तो वण आणि तुटलेल्या देठातून येणारा पांढरा चीक दिसला की निदान प्रजाती तरी पक्की. (पान झाडावरून तोडायचे नाही. खाली पडलेले ताजे पान पुरते.)

मोबाइलवरच्या ओळखीच्या ॲपबद्दल वाचक विचारतात. ती वापरायला हरकत नाही, पण एका पानाचा फोटो देऊन मिळालेल्या उत्तरावर विसंबू नये. साल, पानांची मांडणी दाखवणारी फांदी, पानाची खालची बाजू आणि फूल किंवा फळ, असे चार फोटो द्यावेत. वृक्षसंग्रहाचा फायदा असा की उत्तर लगेच पाटीशी ताडून पाहता येते. दोन्ही जुळले नाही, तर दरवेळी ॲपच चुकलेले असते असे मात्र नाही.

कारण पाट्याही चुकतात, आणि त्यांच्या चुका ठरावीक पद्धतीच्या असतात. जमिनीत रोवलेली पाटी गवत कापताना उपटली जाते आणि परत लावताना शेजारच्या झाडापुढे जाते. मूळ झाड मरते, त्या जागी दुसरेच रोप लावले जाते, आणि जुनी पाटी तशीच राहते. रोपवाटिकेतून रोप येतानाच चुकीच्या नावाने येते, आणि ते फुलावर येईपर्यंत दहा-पंधरा वर्षे कुणाच्या लक्षात येत नाही. कलम केलेल्या झाडात वरची कलमी फांदी मरून खालच्या खुंटाला फुटवे येतात. पाटी कलमाची, झाड खुंटाचे. कलमाच्या सांध्याखालून आलेल्या फांद्यांची पाने वरच्यापेक्षा वेगळी दिसली तर हाच प्रकार समजावा. फळ धरत नाही म्हणून मात्र पाटी खोटी ठरवू नये. टेंभुर्णीत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, गिंकोतही तसेच. नराला फळ कधीच यायचे नाही. पाटीवर शंका असेल तर क्रमांक, पानाचा आणि फळाचा फोटो आणि शंकेचे कारण दोन ओळींत लिहून कार्यालयात द्यावे. अशा चिठ्ठ्यांचा खरोखर उपयोग होतो.

घेर मोजण्याची आवड असलेल्यांसाठी थोडे सविस्तर लिहितो. घेर जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर मोजतात. उतारावर झाड असेल तर ही उंची चढाच्या बाजूने धरायची. त्या उंचीवर गाठ किंवा फुगवटा आला तर त्याच्या लगेच वर किंवा खाली, जिथे खोड सरळ आहे तिथे मोजावे आणि उंची नोंदवावी. सावरीसारख्या झाडाच्या बुंध्याला फळ्यांसारखे आधार फुटलेले असतात. पट्टी त्यांच्या वर न्यावी, नाहीतर घेर कितीतरी जास्त भरतो. झाड १.३ मीटरच्या खालीच दुभंगले असेल तर दुभंगाच्या खाली सगळ्यात बारीक भागाचा घेर घ्यावा. पट्टी आडवी आणि खोडाला लागून असावी. मागच्या बाजूला ती घसरली की माप वाढते, म्हणून दोघांनी मोजावे. घेराला ३.१४ने भागले की व्यास मिळतो: २२० सेंटिमीटर घेर म्हणजे सुमारे ७० सेंटिमीटर व्यास.

उंचीसाठी साधी काठी पुरते. हात सरळ पुढे करून मूठ ते डोळा या अंतराएवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी उभी धरावी. मग मुठीचा वरचा भाग बुंध्याशी आणि काठीचे टोक शेंड्याशी जुळेपर्यंत मागे जावे. जिथे दोन्ही जुळते तिथून बुंध्यापर्यंतचे अंतर म्हणजे झाडाची उंची. ही रीत सपाट जमिनीवरच खरी ठरते. पसरट माथ्याच्या झाडात आणखी एक चूक होते: आपल्याला शेंडा वाटतो तो प्रत्यक्षात आपल्या बाजूला झुकलेल्या फांदीचा टोकाचा भाग असतो, तो जवळ असल्यामुळे उंच दिसतो आणि मोजमाप फुगते. दोन-तीन दिशांनी मोजून सगळ्यात कमी आलेला आकडा धरलेला बरा.

घेरावरून वय काढण्याच्या फंदात पडू नये. पाणी, माती, शेजारच्या झाडांची सावली यांनुसार एकाच वर्षी लावलेल्या दोन झाडांचा घेर दुप्पट-तिप्पट वेगळा असू शकतो. वर्षागणिक वलये सागासारख्या काही झाडांत स्पष्ट असतात, उष्ण प्रदेशातल्या अनेक झाडांत तशी नसतात. वृक्षसंग्रहात तर वयाचा अंदाज करण्याची गरजच नाही, लावल्याचे साल नोंदलेले असते. उलट, साल आणि घेर दोन्ही हाती असल्यामुळे अमुक जात अमुक मातीत किती वेगाने वाढते हे इथेच कळते. पारंब्यांच्या वडाला मात्र ही मापे लावू नयेत. हावड्यातल्या शिबपूर इथे १७८७ साली स्थापन झालेल्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ साली काढावे लागले, आणि तरीही तो वड पारंब्यांवर उभा आहे, वाढतो आहे. अशा झाडाचा पसारा मोजतात, खोड नव्हे.

केव्हा जावे, या प्रश्नाला आमचे उत्तर बहुतेकांना पटत नाही: पानगळीत जावे. पाने असताना माथ्याची घडण झाकलेली असते. निष्पर्ण झाडाच्या फांद्या कोणत्या कोनात फुटतात, जुने वण कुठे भरून आले, कोणती फांदी वाळली आहे, पक्ष्यांची घरटी कोणत्या उंचीवर आहेत, हे तेव्हाच दिसते. पळस, सावर, पांगारा त्याच सुमारास पानांशिवाय फुलतात. कुसुमाची लाल कोवळी पालवी पाहायची तर आणखी थोडे थांबून जावे लागते. एकाच झाडाला वर्षात तीन-चारदा भेट देऊन कळी, फूल, कोवळे पान, फळ आणि पानगळ यांच्या तारखा क्रमांकासह लिहून ठेवल्या, तर पाच-सात वर्षांनी ती वही कुठल्याही अभ्यासकाला हवीशी वाटेल. वेळ शक्यतो सकाळची. गोरखचिंचेसारखी वटवाघळांसाठी फुलणारी झाडे संध्याकाळी उमलतात; त्यांची फुले सकाळी गेलेल्याला ताजी पण गळून पडलेली मिळतात.

पायवाट सोडू नका, अशी पाटी सगळीकडे असते, पण कारण लिहिलेले नसते. झाडाची पाणी आणि अन्न शोषणारी बारीक मुळे मुख्यतः वरच्या फूट-दोन फूट मातीत असतात आणि माथ्याच्या घेराच्याही बाहेर दूरवर पसरतात. मातीच्या कणांमधल्या पोकळीतून त्यांना हवा मिळते. त्याच जागेवर शेकडो पावले पडली की पोकळ्या दबतात, पाणी मुरत नाही, मुळे गुदमरतात, आणि झाड लगेच न वाळता काही वर्षांनी शेंड्याकडून वाळू लागते. तोवर कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. ओली माती कोरडीपेक्षा फार सहज दबते, म्हणून पाऊस पडून गेल्यावर एका सुंदर झाडाखाली जमलेला घोळका वर्षभराच्या तुरळक ये-जा पेक्षा जास्त नुकसान करतो. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन असेल तर त्यावर पाय देऊ नये. जोड्यांना लागलेली माती दाराशीच ब्रशने झाडावी. मुळे कुजवणारी फायटोफ्थोरासारखी सूक्ष्म रोगबीजे चिखलातून एका रानातून दुसऱ्या रानात जातात, आणि एकेकच झाड असलेल्या संग्रहात असा रोग आला तर त्या झाडाला पर्याय नसतो.

संग्रहाची निगा कशी आहे, हेही पाहणाऱ्याला दोन मिनिटांत कळू शकते. बुंधा जमिनीला मिळतो तिथे तो पसरट व्हायला हवा. खांब रोवल्यासारखा तो सरळ जमिनीत शिरत असेल, तर झाड खोल लावले आहे किंवा नंतर माती चढवली आहे. साल कायम ओली राहून कुजते. आच्छादन पाच ते दहा सेंटिमीटर जाडीचे आणि खोडापासून हातभर दूर असावे. खोडाला लागून केलेला ढीग पाहून खूश होऊ नये. बुंध्याला गवत कापण्याच्या यंत्राचे आडवे घाव दिसतात का, तेही पाहावे. साल चारी बाजूंनी कापली गेली तर पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत जात नाही आणि चांगले वाढलेले झाड मरते.

थोडे सुरक्षिततेबद्दल. पान चुरगळून वास घेणे ही ओळखीची जुनी रीत आहे, पण आधी पाटी वाचावी. बिब्ब्याच्या रसाने कातडीवर फोड येतात. काजऱ्याच्या बिया जहरी आहेत. कुठलेही फळ चाखू नये, मुलांना तर चाखू देऊच नये. कैलासपतीची तोफगोळ्याएवढी जड फळे खोडावरून खाली येतात, त्याखाली बैठक मारू नये. वादळ झाल्यावर एक-दोन दिवस जुन्या झाडांखाली जाऊ नये, आणि वारा पडलेल्या कडक उन्हाच्या दुपारीही मोठ्या आडव्या फांदीखाली झोपू नये. काही जातींची धडधाकट दिसणारी फांदी अशा वेळी कसलीही सूचना न देता मोडते.

बी गोळा करून नेण्याचा मोह अनेकांना होतो. हेतू चांगला असतो. पण रानात एकमेकांपासून दूर असलेल्या जवळच्या जाती संग्रहात शेजारीशेजारी लावलेल्या असतात, आणि वारा, मधमाश्या त्यांचे पराग एकमेकींवर नेतात. अशा झाडाखालचे बी संकरित असण्याची शक्यता मोठी. निलगिरीच्या जातींत तर हे सर्रास होते. ते बी आईच्या नावाने टेकडीवर लावले की चूक कायमची पसरते. दुसरी भीती परदेशी जातींची. आज रानोरान माजलेली घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या उद्यानात शोभेसाठी आणलेली होती. बी हवेच असेल तर कार्यालयात मागावे; कोणत्या झाडाचे द्यायचे, हे त्यांना नोंदीवरून ठरवता येते.

संग्रह सांभाळणाऱ्यांनाही आमची विनंती आहे. पट्टी खिळ्याने पक्की ठोकू नये. खोड वाढते, पट्टी सालीत रुतते आणि काही वर्षांत क्रमांक दिसेनासा होतो. लांब, न गंजणाऱ्या स्क्रूवर स्प्रिंग घालून दोन-तीन इंच जागा सोडावी आणि वर्षातून एकदा स्क्रू सैल करावा. कोवळ्या झाडाला पट्टी खोडाला न बांधता आडव्या फांदीला सैल फासाने अडकवावी. तार घट्ट बसली तर ती फांदीचा गळा आवळते. मोठी पाटी कितीही देखणी असली तरी क्रमांकाच्या पट्टीशिवाय झाड सोडू नये. आणि झाडांची यादी, क्रमांक, साल आणि मूळ स्थानासह, लोकांना पाहता येईल अशी ठेवावी. ती कपाटात बंद राहिली तर पाहुण्याने नोंद वाचायची कुठून? आपल्या पुरवणीतही एखाद्या संग्रहाविषयी छापताना तिथल्या पाच झाडांची नावे, शास्त्रीय नावांसह आणि पाहण्याच्या हंगामासह, द्यावीत. गेलेल्या माणसाला शोधायला काहीतरी मिळेल.

एक शेवटची सूचना. फिरताना गवतात पडलेली क्रमांकाची पट्टी सापडली, तर ती अंदाजाने जवळच्या झाडाला अडकवू नये. जिथे सापडली त्या जागेचा आणि आजूबाजूच्या झाडांचा फोटो काढावा आणि पट्टी कार्यालयात आणून द्यावी. पट्टी नसलेले झाड नकाशावरून शोधता येते. चुकीची पट्टी लागलेले झाड कुणी शोधायलाच जात नाही.

आपले,
वृक्षसंग्रहाच्या कामात असलेले काही वाचक